ट्यूब नवी, कंटेंट तोच: डायक्लोफेनॅकच्या अ‍ॅलर्जीसोबत राहताना

मानेच्या डाव्या बाजूला चार लाल पट्टे उठले होते, खांद्याकडे उतरत गेलेले. रात्री झोपताना मी वेदनाशामक जेल लावायचे ते चार बोटांनी, वरून खाली ओढून. पट्टे बरोबर त्याच वाटेने गेले होते, पण ते कुणाच्या लक्षात येईल तर शपथ! मला आदल्या रात्रीच्या कोळंबीचा संशय, सासूबाईंना वांग्याचा, नवऱ्याला नव्या साबणाचा. पुढचे दोन आठवडे कोळंबी बंद, वांगं बंद, साबण बदलला. जेल मात्र रोज रात्री नेमाने चालू, कारण मान दुखायची थांबली नव्हती. सात वर्षं तेच जेल लावत होते, त्याच्यावर कशाला संशय घेऊ?

विक्रोळी ते सीएसएमटी रोजची लोकल, दिवसभर बँकेच्या काउंटरवर खाली घातलेली मान, खांद्याला जड पर्स. मुंबईत अशा माना घरोघरी आहेत, आणि घरोघरी फ्रिजवर किंवा उशीखाली एक अर्धी पिळलेली ट्यूबही आहे. माझ्या ट्यूबमधल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची मला कॉन्टॅक्ट अ‍ॅलर्जी, म्हणजे कातडीला लागल्याने उठणारी अ‍ॅलर्जी, आहे हे कळायला चार महिने गेले. त्याला आता तीन वर्षं झाली. या काळात जे शिकले ते क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आणि तिथून घरी आल्यावर बरंच काही आपल्यालाच करावं लागतं, आणि ते कुणी नीट सांगत नाही.

## आधी ओळखा: पित्त, भाजणं की अ‍ॅलर्जी

अंगावर काहीही उठलं की आपण "पित्त उठलं" म्हणतो. खरं पित्त, म्हणजे गांधी, काही मिनिटांत किंवा तासाभरात उठते. इथली गांधी विरून तिथे उठते, आणि एका जागची गांधी बहुधा चोवीस तासांत मागमूस न ठेवता जाते. कॉन्टॅक्ट अ‍ॅलर्जी तशी नसते. औषध लागल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी ती उमटते. जिथे लावलं तिथे लाली, बारीक पुरळ, कधी पाण्याचे फोड, आणि झोप उडवणारी खाज. एकदा आली की दोन-तीन आठवडे मुक्काम. सुरुवातीला कडा ठळक असतात, चोळण्याची दिशा कळते. पुढे ती आजूबाजूला पसरते आणि मग मूळ जागा शोधणं अवघड होतं. म्हणूनच पहिल्याच दिवशी फोटो काढा.

तिसरा प्रकार म्हणजे भाजणं. मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट किंवा कॅप्सेसिन असलेलं मलम लावून वर पट्टी घट्ट बांधली, गरम पाण्याची पिशवी ठेवली, की तासाभरात आग होते, कातडी लाल पडते, कधी फोड येतो. हे कुणालाही होऊ शकतं, त्याला अ‍ॅलर्जी असावी लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली अशा मलमांनी गंभीर भाजल्याच्या तक्रारींवरून जाहीर इशारा दिला होता. आग आधी की खाज आधी, हे आठवून पाहा. आग लगेच आणि खाज कमी असेल तर बहुतेक भाजणं. दोन दिवसांनी खाजच खाज असेल तर अ‍ॅलर्जी. तरी खात्री चाचणीनेच होते.

"सात वर्षं चाललं, मग आताच कसं?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, मीही विचारला. ही अ‍ॅलर्जी जन्मापासून नसते. एखाद्या पदार्थाशी संबंध येत राहतो आणि कधीतरी शरीरातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतात. हे दहा-पंधरा दिवसांत होतं, तसंच कित्येक वर्षांनीही होतं. एकदा लक्षात ठेवलं की सहसा विसरत नाहीत. त्यामुळे "थोडे दिवस बंद ठेवून परत लावून बघू" हा विचार सोडून द्या. थोडक्या जेलनेही तेच उठतं, आणि अनेकदा आधीपेक्षा लवकर.

## पहिले तीन दिवस

जेल बंद. ती जागा कोमट नाहीतर साध्या पाण्याने, सौम्य साबणाने, न घासता धुवा. उशीचा अभ्रा, टॉवेल, ब्लाउज, गळ्याशी येणारी ओढणी धुवायला टाका, कारण जेल कापडात मुरलेलं असतं. स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. फोड फोडू नका. कातडी कोरडी पडली तर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा.

काय लावू नये याची यादी मोठी आहे, कारण शेजारपाजारचे सल्ले मोठे असतात. हळद, कडुनिंबाचा रस, टूथपेस्ट, टाल्कम पावडर, जंतुनाशक द्रव, कापूर घातलेलं खोबरेल: यातलं काहीही नको. आणि केमिस्टकडून "खाजेची ट्यूब" तर अजिबात नको. अशा ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध अशी खिचडी असते. त्यातल्या निओमायसिनसारख्या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी तर फार आढळते. म्हणजे एक उतरवायला गेलात आणि दुसरी अंगावर घेतलीत. शिवाय स्टेरॉइडने खाज दबते, डॉक्टरांना खरं रूप दिसत नाही. त्वचेवरचं स्टेरॉइड लागतंच, इलाज बहुधा तोच असतो, पण त्याची ताकद आणि दिवस डॉक्टरांनी ठरवलेले हवेत. माझ्या डॉक्टरांनी माप सांगितलं होतं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरे.

जेलची ट्यूब रागाने फेकून देऊ नका. मी फेकली होती, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "ट्यूब आणलीत का?" झिप असलेल्या पिशवीत बंद करून ठेवा, खोक्यासकट.

हे सगळं साध्या पुरळासाठी. श्वास अडला, ओठ-जीभ-डोळे सुजले, ताप आला, तोंडात फोड आले, कातडी सुटायला लागली, किंवा चेहरा-डोळ्यांभोवती पसरलं, तर थांबू नका. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, गरज पडली तर १०८ फिरवा.

## पॅच टेस्ट: सोमवार, बुधवार, शुक्रवार

रक्ताच्या तपासणीत ही अ‍ॅलर्जी कळत नाही. हातावर सुई टोचून करतात ती टेस्ट वेगळ्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीची. इथे पॅच टेस्टच लागते, आणि ती त्वचारोगतज्ज्ञ करतात. खाजगीत होते, आणि केईएम, सायन, नायर, जेजे अशा मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत स्किन ओपीडी आहे. तिथे आधी केस पेपर काढून दाखवावं लागतं. टेस्टचे दिवस ठरलेले असू शकतात, तेव्हा पहिल्या खेपेलाच विचारून घ्या. एक गंमत सांगते. विभागाच्या पाटीवर "त्वचा" शब्दाला लागूनच "गुप्तरोग" लिहिलेलं असतं. माझ्या पुढे उभी असलेली बाई पदराने तोंड झाकून उभी होती. तिला भांड्यांच्या साबणाने हाताला इसब झालं होतं, बस इतकंच!

टेस्ट अशी. पाठीवर चिकटपट्ट्या लावतात, त्यात छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ ठरलेल्या प्रमाणात. भारतात यासाठी इंडियन स्टँडर्ड सिरीज वापरतात. त्यात निकेल, सुगंधी द्रव्यं, केसांच्या डायमधला पीपीडी असे नेहमीचे गुन्हेगार असतात. डायक्लोफेनॅक मात्र त्यात असेलच असं नाही. म्हणून स्वतःहून सांगा की संशय जेलचा आहे, आणि ट्यूब पुढे ठेवा.

सोमवारी चिकटवल्या, बुधवारी काढल्या, पेनाने खुणा केल्या, अर्ध्या तासाने पाहिलं. बुधवारी माझ्या डायक्लोफेनॅकच्या चौकटीत जेमतेम गुलाबी ठिपका होता. मला वाटलं, सुटले. शुक्रवारी तीच चौकट लाल, उंच आणि बारीक पुरळाने भरलेली. शेजारची मिथाइल सॅलिसिलेटची चौकट कोरी. ज्याच्या वासाने डोकं उठायचं ते निर्दोष, आणि ज्याला वासच नाही ते दोषी. दुसरं वाचन चुकवू नका असं म्हणतात ते याचसाठी: बऱ्याच अ‍ॅलर्जी चौथ्या दिवशीच खऱ्या दिसतात. काहींना सातव्या दिवशीही बोलावतात.

या पाच दिवसांत पाठीला पाणी नाही, घाम नाही, घासणं नाही. मुंबईत हे सांगायला सोपं आहे. शक्य असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत टेस्ट करा. मे महिन्यात किंवा जुलैच्या दमटपणात पट्ट्या दुसऱ्या दिवशीच सुटायला लागतात. अंग स्पंजने पुसा, केस मोरीत पुढे वाकून धुवा. सैल, जुना, डाग पडला तरी चालेल असा सुती कपडा घाला, कारण खुणांची शाई लागते. आणि सकाळी पावणेनऊची लोकल नको. लेडीज डब्यात मागून ज्या पर्स आणि कोपरं लागतात त्यांत पट्टी टिकत नाही. मी सोमवार-मंगळवार रजा टाकली, बुधवारी दुपारच्या रिकाम्या गाडीने गेले आणि सीटला पाठ न टेकता बसले. समोरची बाई विचारत होती, "कंबर धरली का?"

पाठ स्वच्छ असेल तेव्हाच टेस्ट होते. पुरळ जोरात असताना, पाठीवर हल्लीच स्टेरॉइड लावलेलं असताना किंवा तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मात्र चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. खाजेच्या नेहमीच्या अँटिहिस्टॅमिन गोळ्यांचा या टेस्टवर फारसा परिणाम होत नाही. गरोदर असाल तर तेही आधी सांगा.

निकालाचा कागद हातात मिळाला की त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर अधिकची (+) चिन्हं असतात: एक, दोन किंवा तीन, जितकी जास्त तितकी अ‍ॅलर्जी जोरात. मला दोन मिळाली.

## केमिस्टच्या काउंटरवर

"ताई, ती कंपनी नाही, ही घ्या, कंटेंट तोच आहे." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं आणि त्याचा मला कायम आधार वाटायचा. आता तेच वाक्य धोक्याची घंटा आहे. अ‍ॅलर्जी ट्यूबची नाही, कंटेंटची आहे, आणि तो कंटेंट केमिस्टच्या मागच्या फळीवर कितीतरी रंगांच्या खोक्यांत बसलेला असतो: जेल, स्प्रे, रोल-ऑन, चिकटवायचे पॅच.

म्हणून खोक्याचं पुढचं तोंड पाहूच नका, उलटं करा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचायला मी फोनचा कॅमेरा झूम करून वापरते. डायक्लोफेनॅक एकटं क्वचित लिहिलेलं असतं, त्याला शेपूट असतं: डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन, डायक्लोफेनॅक सोडियम, डायक्लोफेनॅक पोटॅशियम, डायक्लोफेनॅक एपोलामाइन. शेपूट कोणतंही असो, आपल्याला बंद. आपल्याकडच्या बऱ्याच जेलमध्ये १.१६ टक्के डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन, ३ टक्के जवसाचं तेल, १० टक्के मिथाइल सॅलिसिलेट आणि ५ टक्के मेंथॉल असा ठराविक मेळ असतो. हे आकडे एकदा डोळ्यांना सवयीचे झाले की नाव न वाचताही ओळख पटते.

औषधाच्या खोक्यावर मुख्य घटक छापतात, पण ज्या बेसमध्ये ते कालवलेलं असतं त्याबद्दल पुष्कळदा "जेल बेस" एवढंच असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध, टिकवण्याची द्रव्यं सगळी त्यात. एखाद्याची डायक्लोफेनॅकची पॅच टेस्ट निगेटिव्ह येते आणि जेलने तरीही उठतं, तेव्हा दोष बहुधा या बेसमध्ये असतो. तेव्हा डॉक्टर खुद्द त्या जेलचीच चाचणी करतात. कधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर किंवा जास्त, लावून पाहायला सांगतात. ही चाचणी घरी करतात खरी, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. माझ्यासारखीचं निदान ठरलेलं असताना हा उद्योग करायचा नाही.

डायक्लोफेनॅक म्हटलं की काही जणांना गिधाडं आठवतात. बरोबर, तेच औषध. औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, म्हणून जनावरांसाठी ते बनवण्यावर २००६ साली भारतात बंदी आली. माझ्या भाच्याला हे माहीत होतं. तो मला अधूनमधून "काय गिधाडमावशी" म्हणतो. माझ्या अ‍ॅलर्जीशी गिधाडांचा काडीचा संबंध नाही, पण औषधाचं नाव घरातल्या सगळ्यांना पाठ झालं ते त्या टोमण्यामुळे. फायदाच झाला.

## घरात दुसऱ्याचं जेल

निदान झालं, माझी ट्यूब गेली, मानेवरचं पुरळ बरं झालं. आणि तीन आठवड्यांनी उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट सोलायला लागलं. पेरांवर भेगा, नोटा मोजताना चरचर. मी भांड्यांच्या साबणावर ढकललं. मग एका रात्री सासूबाईंच्या गुडघ्यांना जेल चोळता चोळता माझाच हात माझ्या डोळ्यांसमोर आला. रोज रात्री साडेनऊला, मालिका संपली की, त्यांचे दोन गुडघे माझ्याच दोन बोटांनी. स्वतःची ट्यूब फेकली, पण त्यांची चोळतच होते!

दुसऱ्याच्या औषधाने आपल्याला पुरळ उठणं ही डॉक्टरांच्या ओळखीची गोष्ट आहे. नवरा-बायकोत तर हमखास, एकाच पांघरुणात झोपल्यावर दुसरं काय होणार? वन-रूम-किचनमध्ये जेल लावणाऱ्याला वेगळी खोली कुठून देणार! आमची घडी अशी बसली:

सासूबाईंना जेल आता माझा मुलगा लावतो. तो नसेल तर मी पातळ नायट्राइलचे हातमोजे घालते, जेल लावून झालं की मोजे आतून बाहेर उलटे काढून टाकते आणि हात धुते. चांगला उपाय त्यांनीच काढला. "मी काय लुळी आहे का?" म्हणत स्वतःच लावायला लागल्या. मग त्यांचा हात लागतो ते रिमोट, फोन, दाराची कडी. त्यांनी जेल लावल्यावर हात साबणाने धुवायचे, हा नियम. पहिला महिना त्यांना तो अपमान वाटला. "माझ्या हाताचं आता तुला बाधतं का गं?" असं एकदा म्हणाल्या आणि रात्रभर बोलल्या नाहीत. मी त्यांना पाठीवरच्या शुक्रवारच्या चौकटीचा फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी बेसिनशेजारी साबणाची वेगळी डबी आली, आणि ती त्यांनीच आणली होती.

टॉवेल, उशी, गुडघ्याला बांधायची क्रेप पट्टी वेगळी. नवऱ्याला कंबरेसाठी दुसरं औषध डॉक्टरांकडून बदलून घेतलं, तेवढी एक आघाडी मिटली. ट्यूब सगळ्या एकाच डब्यात, डब्यावर मार्करने मोठं "ड". हा डबा माझ्या साड्यांच्या कपाटात येणार नाही एवढंच पाहायचं.

घराबाहेर तीन जागा सांभाळा. फिजिओथेरपिस्टकडे अल्ट्रासाउंडच्या आधी जे जेल लावतात ते बहुधा साधं असतं, पण काही ठिकाणी त्यात वेदनाशामक जेल मिसळतात. टेबलावर झोपण्याआधी विचारा. दुसरी जागा खेळाची: मॅरेथॉनच्या वाटेवर, दहीहंडीच्या सरावात, कबड्डीच्या मैदानावर स्प्रे सरसकट फवारतात, नाव विचारायला वेळ नसतो. "मला नको, अ‍ॅलर्जी आहे" हे आधीच सांगून ठेवा. तिसरी म्हणजे ऑफिसातली प्रथमोपचाराची पेटी. आमच्या शाखेतल्या पेटीत दोन पट्ट्या, एक कात्री आणि तीन वेदनाशामक ट्यूब होत्या.

## गोळी, इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब

कातडीला न चालणारं औषध पोटात चालेल का? काहींना चालतं, काहींना नाही. गोळी घेतल्यावर जुन्या जागांवर किंवा सगळ्या अंगावर पुरळ उठू शकतं. तेव्हा डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांना अ‍ॅलर्जी सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही. पाठ धरली की आपल्याकडे सरळ इंजेक्शन टोचतात, आणि ते बऱ्याचदा हेच असतं. सुई भरायच्या आधी तोंड उघडा.

अ‍ॅसिक्लोफेनॅक हा त्याचा सख्खा भाऊ. रचना तशीच, शिवाय शरीरात त्याचा थोडा भाग डायक्लोफेनॅकमध्ये बदलतो, आणि एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याने त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. दाढ दुखली, कंबर धरली, पाय मुरगळला की पॅरासिटामॉलसोबत हीच गोळी लिहून देतात. दाताच्या डॉक्टरांना दोन्ही नावं सांगा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज उतरायला देतात त्या थेंबांतही डायक्लोफेनॅक असू शकतं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. वेदनाशामक गोळी घेतल्यावर तासाभरात गांधी उठणं, दम लागणं, चेहरा सुजणं ही वेगळ्या जातीची अ‍ॅलर्जी. ती पॅच टेस्टमध्ये दिसत नाही. त्यामुळे "पॅच टेस्ट निगेटिव्ह आली, आता गोळी बिनधास्त" असा अर्थ काढू नका.

मी एक चिठ्ठी लॅमिनेट करून रेल्वेच्या पासामागे ठेवली आहे: "डायक्लोफेनॅकची कॉन्टॅक्ट अ‍ॅलर्जी, पॅच टेस्ट पॉझिटिव्ह, तारीख अमुक. जेल, स्प्रे, पॅच, थेंब नको. डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी, इंजेक्शन देण्याआधी विचारा." हेच फोनच्या इमर्जन्सी माहितीतही भरलं आहे, लॉक न उघडता दिसतं. औषधाचा असा त्रास झाला तर तो १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर कळवताही येतो. ही भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाची हेल्पलाइन आहे.

## तुमचा दोषी दुसराच निघाला तर

मिथाइल सॅलिसिलेट निघालं, तर ते आयुर्वेदिक बामांवर "गंधपुरा तेल" किंवा विंटरग्रीन या नावाने वावरतं. हे तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. माउथवॉश आणि च्युइंगममध्येही सापडतं. अ‍ॅस्पिरिन त्याचंच नातलग, म्हणून हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेत असाल तर डॉक्टरांशी बोला, पण ते स्वतःहून बंद करू नका. मेंथॉल बामांवर "पुदिन्याचं फूल" म्हणून दिसतं.

केटोप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक असेल तर खलनायक ऊन. जेल लावलेल्या जागी ऊन लागलं की उठतं. म्हणून जेल चालू असताना आणि बंद केल्यावर आणखी दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकायला सांगतात. ऑक्टोक्रिलीन असलेलं सनस्क्रीनही अशांना बाधू शकतं. बेन्झोकेन, म्हणजे तोंडातल्या फोडांच्या किंवा मूळव्याधीच्या मलमातलं बधिर करणारं औषध, निघालं तर केसांच्या काळ्या डायपासून आणि काळ्या मेंदीपासून जपा, त्यातल्या पीपीडीशी त्याचं नातं आहे, एक बाधलं की दुसरंही बाधू शकतं.

आणि बिब्बा! गावाहून कुणी ना कुणी सांगतंच, "मुरगळलंय ना, बिब्बा घाल." बिब्ब्याचा रस इतका दाहक की "बिब्बा घालणे" या वाक्प्रचाराचा अर्थच काम बिघडवणं. कपड्यांवर धोबी खूण करायचे ती याच रसाची, आणि त्या खुणेखाली मानेला उठणाऱ्या पुरळाला इंग्रजांच्या काळापासून "धोबी इच" म्हणत आले. बिब्बा एकदा बाधला की आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेलही बाधू शकतं, एकाच कुळातली मंडळी ती.

## मग दुखण्याचं काय

मान तर अजूनही दुखते. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फिजिओने शिकवलेल्या मानेच्या चार व्यायामांचा आणि काउंटरवरचा स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणण्याचा. स्क्रीनखाली दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेत. पर्स सोडून दोन खांद्यांची सॅक घेतली. तव्यावर जाडं मीठ तापवून सुती फडक्यात पुरचुंडी बांधून शेकणं ही सासूबाईंची रीत, ती चालते. मात्र पुरळ पूर्ण बरं झाल्यावरच, आणि पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल त्यांनी पायाला असा शेक घेऊ नये. साध्या खोबरेल तेलाने चोळलं तरी बरं वाटतं. ट्यूबचा अर्धा गुण चोळण्याचाच होता असं माझं मत आहे, त्याला पुरावा मागू नका. दुखणं जास्त असेल तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात पॅरासिटामॉल.

बरं झाल्यावर काळपट डाग राहतात. आपल्या रंगाच्या कातडीवर ते काही महिने राहतात आणि आपोआप फिके होतात. त्यासाठी गोरेपणाची क्रीम लावू नका, त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं.

## पुन्हा उठलं तर

उठतं. वर्षातून एखाद्या वेळी तरी. तेव्हा आज काय खाल्लं ते आठवू नका. मागचे तीन दिवस आठवा: कुठे गेले, कुणी काय लावलं, कुणाच्या घरी झोपले, काय हातात घेतलं. कागदावर लिहा.

गेल्या श्रावणात माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा लाल ठिपका उठला. घरात सगळे नियम पाळलेले, डबा जागेवर. यादी लिहिताना मंगळवार संध्याकाळची लोकल आठवली. घाटकोपरच्या आसपास एक बाई डब्यात "सांधेदुखीचं तेल" विकत होती. बाटलीवर ना नाव ना घटक, नुसता हिरवा कागद. "लावून बघा ताई, फुकट आहे," म्हणत तिने रांगेतल्या सगळ्यांच्या मनगटांवर एकेक थेंब ठेवला. मी फोनवर बोलत होते, हात पुढे आपसूकच गेला. शुक्रवारी ठिपका.

त्या तेलात नक्की काय होतं ते मला कधी कळणार नाही. आता ती बाई डब्यात शिरली की मी दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांत अडकवून बसते.